उस्ताद, मास्तर आणि ‘हाकललेले’
वाचकांचे प्रश्न, निवृत्त पोलीस निरीक्षक बाईंची उत्तरं

प्रश्न : माझ्या मुलीची पोलीस शिपाई म्हणून निवड झाली आहे. नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगला जायचंय. घरात आनंद आहे, पण माझे दीर म्हणतात, “तिथं शिकवणारे सगळे कुठून ना कुठून हाकललेले असतात. ज्यांना ठाण्यात कुणी ठेवत नाही, ते मास्तर होतात.” हे खरं आहे का? तिथं शिकवतं तरी कोण? त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात काम केलेलं असतं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी लेकीचं अभिनंदन. तुमचे दीर अर्धं खरं बोलतात, आणि ते अर्धं माझ्यावरच बेतलेलं आहे म्हणून आधी तेच सांगते.

२०११ साली मी घराजवळचं ठाणं मागितलं होतं, कारण मुलगा दहावीला होता. मिळालं प्रशिक्षण केंद्र. आदेश निघाला त्या संध्याकाळी बॅचमेटचे फोन आले ते सगळे दुखवट्याला आल्यासारखे. “मॅडम, काय झालं? कुणाशी बिनसलं का?” एकानेही अभिनंदन केलं नाही. खात्यात ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे ठाणं, गुन्हे शाखा, गाडी, वायरलेस. बाकी सगळं ‘साइड’. ट्रेनिंग त्या साइडलाही सगळ्यात कडेला. ही समजूत जुनी आहे. पोलीस प्रशिक्षणाचा विचार करायला केंद्र सरकारने १९७१ मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते आपले समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे. अहवाल १९७३ ला आला. प्रशिक्षणाचा एवढा विचार होऊनही चाळीस वर्षांनंतर मला फोन येत होते ते सांत्वनाचेच.

आता शिकवतं कोण ते सांगते. केंद्र मरोळचं असो, खंडाळ्याचं, अकोल्याचं, जालन्याचं की तासगावजवळच्या तुरचीचं, आत गेलं की दोन दुनिया असतात. एक बाह्यवर्ग, म्हणजे मैदान. दुसरा आंतरवर्ग, म्हणजे वर्गखोली.

मैदानावर असतात उस्ताद. कागदावर ते कवायत निदेशक. हुद्दा हवालदार किंवा सहायक फौजदार. त्यांच्या वर राखीव उपनिरीक्षक, राखीव निरीक्षक. उस्ताद बहुतेक शिपाई म्हणूनच भरती झालेले असतात, कुणी जिल्ह्याच्या मुख्यालयातून आलेला, कुणी राज्य राखीव दलातून. टर्नआउट, म्हणजे गणवेशातला रुबाब, चांगला, आवाज खणखणीत, गुडघे शाबूत, असा पोरगा वरिष्ठांच्या नजरेत भरतो. मग त्याला कोर्सला पाठवतात, तिथे त्याची स्वतःचीच नव्याने घासूनपुसून घडण होते, आणि मग तो दुसऱ्यांना घडवायला उभा राहतो. म्हणजे शिकवायचं कसं, हे शिकून आलेला माणूस तुमच्या मुलीला मैदानावर भेटेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९१ मध्ये मी नाशिकला उपनिरीक्षकाचं ट्रेनिंग घेतलं. (ती संस्था १९०६ ला पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ ला नाशिकला गेली. आम्हाला पहिल्याच दिवशी हे पाठ करायला लावलं होतं, आजतागायत विसरले नाही.) आमचे उस्ताद राखीव दलातले. त्यांचं अर्धं आयुष्य बंदोबस्ताच्या ट्रकमध्ये गेलेलं. पाठमोरे उभे राहून नुसत्या बुटांच्या आवाजावरून सांगायचे, “तिसरी रांग, दुसरा नंबर, पाय चुकतोय.” दुसरा नंबर मीच असायचे. रगडा, म्हणजे शिक्षेची जादा कवायत, मिळायचा तो वेगळा. पण बारा तास उभं राहायचं तर वजन कोणत्या पायावर कधी टाकायचं, बुटात पाणी गेलं तर मोजे कसे पिळून घालायचे, गर्दीत पाठ कशाला टेकवायची, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते राखीव दलाने त्यांना शिकवलं होतं आणि त्यांनी आम्हाला.

वर्गखोलीत मात्र निराळी जत्रा. एक, विधी निदेशक. हे कायद्याचे पदवीधर, गणवेश नसलेले. दुसरे आमच्यासारखे, ठाण्यातून बदलीवर आलेले उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक. तिसरे पाहुणे : सरकारी वकील, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, ठसेतज्ज्ञ. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे, की आंतरवर्ग घेणाऱ्या गणवेशातल्या बहुतेकांनी ठाण्यात काम केलेलं असतं, कधी कधी भरपूर. अडचण ती नाहीच. अडचण ही, की उस्तादाला शिकवायचं शिकवून पाठवतात आणि आम्हाला नुसता बदलीचा आदेश देऊन.

माझा पहिला तास अजून आठवतो. साडेअकराची वेळ. समोर साठ मुली, पहाटे साडेचारपासून उठलेल्या, मैदानावरून पिळून निघून, नाश्ता पोटात. मी पुस्तक उघडून कलम वाचायला लागले. दहा मिनिटांत चाळीस माना डुलत होत्या. मी चिडले, उभं केलं, ओरडले. त्या उभ्याने डुलायला लागल्या. माझ्या नावावर वीस वर्षांचा तपास होता, त्यातले गुन्हे शाबीत झालेले होते, आणि मला पाऊण तास एक वर्ग जागा ठेवता येत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी घरची जुनी पत्र्याची ट्रंक घेऊन गेले. स्टोअररूममध्ये तिचं कुलूप तोडलं, दोन साड्या विस्कटल्या, एक चाकू टाकला आणि मुलींना म्हटलं, चोरी झालीय, पंचनामा करा. काय काय आलं सांगू? चाकू लिहिला, पण पात्याची लांबी नाही, मूठ कसली ते नाही. कुलूप ‘तुटलेले’, पण कडीतून तुटलं की कोयंडा उखडला, पत्ता नाही. दोन्ही पंचांच्या सह्या एकाच वळणाच्या. आणि एकीने पंचनाम्याची वेळ फिर्याद नोंदवायच्या आधीची टाकलेली. तिला मी रागावले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक मी केली होती आणि उलटतपासणीत त्यापायी अर्धा तास उभी जळत होते. तो किस्सा सांगितला तेव्हा एकही मान डुलली नाही. चार वर्षांत ती ट्रंक मी नऊ वेळा दुरुस्त करून घेतली.

म्हणून दिरांना सांगा, हाकललेला येतो हे खरं असेल, पण हाकललेल्याच्या पोतडीत काय आहे ते बघा. काही जण खरोखर कुढत दिवस काढतात, बदलीच्या अर्जाशिवाय दुसरं काही लिहीत नाहीत, त्यांची मी वकिली करणार नाही. असा मास्तर वाट्याला आला तर मुलीने पुस्तक आपलं आपण वाचावं. बाकीच्यांना मात्र विचारावं, “सर, आधी कुठं होता?” कुणी वाहतुकीत होता, कुणी गडचिरोलीत, कुणी दहा वर्षं ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात फिर्याद घेणाऱ्याच्या, खुर्चीत. ज्याने जे केलंय तेच त्याच्याकडून काढून घ्यायचं. ठाणे अंमलदार राहिलेल्या हवालदाराला फिर्याद लिहून घ्यायला सांगा. रात्री दोन वाजता रडत आलेल्या बाईला पहिला प्रश्न काय विचारायचा, हे त्याच्याइतकं कुणाला येत नाही.

अनुभवाचंही एक दुखणं आहे. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि एका रात्रीत खुनाचं कलम ३०२ गेलं, १०३ आलं. फसवणुकीचं ४२० गेलं, ३१८ आलं. झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण आलं. तीस वर्षं जिभेवर बसलेले आकडे जाता जाईनात. आमच्या उजळणी वर्गाला शिकवायला उभी राहिली ती माझीच जुनी प्रशिक्षणार्थी, आता परीक्षा देऊन उपनिरीक्षक झालेली. मी सवयीने ३०२ म्हटलं. ती म्हणाली, “मॅडम, ट्रंक आणू का?”

प्रश्न : मी कायद्याची पदवी घेतली आहे, तीन वर्षं वकिली करतोय. पोलीस न होता पोलिसांना शिकवता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : येईल. वर लिहिलेले विधी निदेशक ते हेच. जाहिरात निघेल तेव्हा अनुभवाच्या अटी बारकाईने वाचा. एक फुकटचा सल्ला : फौजदारी कोर्टात जास्त बसा. पोलिसांची केस कुठे फाटते हे तुम्ही बचावाच्या बाजूने पाहिलेलं असेल, तर वर्गात तुमच्याइतका उपयोगी माणूस नाही. दिवाणी दाव्यांवर पोट भरत असाल तर पोरं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ओळखतील.

प्रश्न : मी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त. सतरा वर्षं सेवा, त्यातली तीन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर ड्रिल शिकवत होतो. पोलीस ट्रेनिंगला मला थेट उस्ताद म्हणून घेतील का?
– एक माजी सैनिक, जि. सातारा

उत्तर : हवालदारसाहेब, नेहमीचा रस्ता थेट नाही, शिपाई भरतीतून जातो. तिथे माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे आणि वयात सेवेची वर्षं अधिक तीन इतकी सूट. आत आलात की तुमची कवायत लपून राहायची नाही. लष्करी माणसाने पोलीस घडवायची उदाहरणंही आहेत. छत्तीसगडमध्ये कांकेरला २००५ मध्ये जंगलयुद्धाचं पोलीस कॉलेज उभं राहिलं, त्याचे पहिले प्रमुख लष्करातले ब्रिगेडियर होते.

पण एक गोष्ट विसरावी लागेल. आमच्याकडे एक उस्ताद फौजेतून आलेले होते. लाठी ड्रिलच्या पहिल्या दिवशी ते रंगरुटांना विचारायचे, “कुणाकुणाचा भाऊ मोर्चाला जातो?” निम्मे हात वर. “बाप?” आणखी काही. मग म्हणायचे, “काठी कमरेच्या खाली. डोक्यावर गेली तर माझ्याशी गाठ आहे.” फौजेत समोर दुश्मन होता, इथे समोर गाववाले आहेत, हे अंगात मुरायला आपल्याला दोन वर्षं लागली, असं ते स्वतःच सांगत.

धावण्याची तुम्हाला काळजी नसावी. भीती १०० गुणांच्या लेखी परीक्षेची बाळगा. गणित आणि बुद्धिमत्तेचं तुम्ही बघून घ्याल, पण त्यात मराठी व्याकरणही असतं, आणि पलटणीत सतरा वर्षं हिंदीत गेलेल्या माणसाची विकेट तिथेच पडते. तुमच्या पत्रात मी अकरा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. आजपासून रोज एक पान शुद्धलेखन.