लेथला हात लावला की झिणझिण्या येतात, सुपरवायझर म्हणतात "चप्पल घालून काम कर". तक्रार कुणाकडे करू?

उद्या कामावर गेलात की त्या लेथला, म्हणजे धातू कातायच्या मशिनला, हात लावू नका. बाकीचं मग सांगतो.

तुम्ही लिहिलंय की पंधरा दिवसांपासून झिणझिण्या येतात, पावसाळी हवेत वाढतात आणि सुपरवायझरनी मशिनसमोर लाकडी फळी टाकून दिली आहे. मी शिरोली एमआयडीसीत वायरमन म्हणून लागलो, आज अठरा वर्षं मेन्टेनन्सच्या कामातच आहे. अशा फळ्या मी पुष्कळ पाहिल्यात. फळी आली म्हणजे मशिनच्या बॉडीत करंट उतरतोय हे वरच्या माणसाला ठाऊक आहे.

माझ्या पहिल्याच कारखान्यात एक लोखंडी पेडेस्टल पंखा होता. मोल्डिंगच्या बाजूला फिरवत न्यायचे. त्याची वायर तीन तारांची होती, पण टोकाला टॉप (प्लग) दोन पिनांचा, हिरवी म्हणजे अर्थिंगची तार कापून टेपमध्ये गुंडाळलेली. पंखा चटका देतो हे अख्ख्या शिफ्टला माहीत होतं. आम्ही तो बुटाच्या टोकाने ढकलायचो. एका जूनमध्ये, जमीन ओली असताना, आमच्यातल्या एकाने दोन्ही हातांनी दांडा धरून तो उचलायला घेतला. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता ताठ झाला आणि त्याच्या बोटांच्या मुठी दांड्यावर आवळत गेल्या. कुणीतरी धावत जाऊन टॉप उपसला म्हणून तो वाचला. तळहातावर दोन ठिकाणी पांढरट, खोल भाजल्याच्या खुणा होत्या. आत उघडून पाहिलं तर मोटरच्या तोंडाशी वायर घासून तांबं पत्र्याला टेकलेलं. दहा मिनिटांचं काम होतं. आम्ही पंधरा-वीस जण ते महिनाभर बघत होतो आणि एकानेही कागदावर लिहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला तेच अजून लागून राहिलंय.

आता झिणझिण्यांचा अर्थ. साधारण १ मिलिअँपिअर करंट अंगातून गेला की माणसाला तो जाणवतो. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे करंट छातीतून जात राहिला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. तुम्हाला आज नुसतं मुंग्या आल्यासारखं होतंय, कारण तुमचा हात कोरडा आहे, चपलेचा तळ बरा आहे, फळी मध्ये आहे. मशिनच्या बॉडीवरचा दाब मात्र कदाचित पूर्ण २३० व्होल्ट असेल. घामाने किंवा कूलंटने (कातताना सोडतात त्या पाण्याने) ओल्या झालेल्या अंगाचा रोध हजार ओहम धरा, म्हणजे तोच दाब २३० मिलिअँपिअर ढकलेल. एका हाताने लेथ धरून दुसरा हात शेजारच्या पाण्याच्या पाइपाला लागला तर फळी आणि चप्पल दोन्ही निरुपयोगी, करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जाणार.

"एमसीबी आहे ना, पडेल की" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. एमसीबी म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट आला की लाइन तोडणारा स्विच. ३२ अँपिअरचा एमसीबी हा ३० मिलिअँपिअरच्या हजार पटीहून जास्त करंटवर बसवलेला असतो. तो वायर जळू देत नाही, इतकंच त्याचं काम. माणसासाठी आरसीसीबी असतो, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच, ज्यावर टेस्टचं बटण असतं. हॅन्ड ग्राइंडर, पंखे, कूलर यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा हवाच. तो आहे का आणि असला तर बायपास केलाय का, हे वायरमनला विचारा. "सारखा ट्रिप होत होता म्हणून डायरेक्ट केला" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता नवीन जागी गेलो की पहिल्यांदा तेच उघडून बघतो. तो ट्रिप होत होता तेव्हा खरं सांगत होता.

तुमच्या मशिनला दोन दोष एकदम असणार. कुठेतरी इन्सुलेशन गेलंय आणि त्याच वेळी अर्थिंग तुटलंय किंवा गंजलंय, नाहीतर फ्यूज गेला असता. बॉडीला बोल्टने बसवलेली अर्थची पट्टी लांबून नजरेने बघा. ती सुटलेली, रंगाखाली दडलेली किंवा नसलेलीच सापडेल. बघायचं फक्त. मेन बंद करणं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून मोटर तपासणं, जमिनीतल्या अर्थच्या खड्ड्यापर्यंत अर्थिंग मोजणं हे परवानाधारक वायरमनचं काम.

तक्रार तोंडी करू नका. साध्या कागदावर तारीख, वेळ, मशिन नंबर, बॉडीचा कुठला भाग धरल्यावर काय झालं आणि आणखी कुणाला जाणवलं ते लिहा. "करंट लागतो" एवढं मोघम नको. "टूल पोस्टचा हँडल धरल्यावर कोपरापर्यंत झिणझिण्या, सकाळी ९ वाजता" असं लिहा. दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही घ्या. सही देत नसतील तर तोच मजकूर फोटोसकट मेन्टेनन्सच्या व्हॉट्सअॅपवर टाका, वेळेची नोंद आपोआप राहते. एकट्याने जाऊ नका. त्या मशिनवर तिन्ही शिफ्टला जे बसतात त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे राग एकावर निघत नाही. तुम्ही कंत्राटी आहात म्हणून हे जास्त सांगतोय.

दोन दिवसांत हालचाल नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात ती प्रत द्या आणि एक प्रत विद्युत निरीक्षकांना. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम १४ मध्ये, जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावं अशी सोय आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे मालकाला डावलून वर गेलात, असं कुणी म्हणू शकत नाही.

एक गोष्ट आजच शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी चिकटला तर त्याला हाताने ओढायचं नाही, आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकलायचं. त्या लेथचा मेन कुठल्या बोर्डात, कितवा आहे, हे प्रत्येकाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. बोर्डावर नावं लिहिलेली नसतील तर उद्या मार्करने तुम्हीच लिहून टाका.