कोलेशन म्हणजे नक्की काय, आणि हा शब्द आला कुठून?

प्रिंट काढताना 'कोलेट' दिसतं, डेटाबेसमध्ये 'कोलेशन', हे एकच का असं विचारलंय, तर हो, मूळ एकच. लॅटिनमध्ये 'कोलातिओ' म्हणजे एकत्र आणणं, त्यातून शेजारी ठेवून ताडून बघणं हा अर्थ आला, म्हणजे पोथ्यांचे पाठभेद तपासतात ना तसं, भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवर हेच केलं, १९६६ ला काम पूर्ण झालं. आपल्या कॉलेज रोडवरचा झेरॉक्सवाला दहा प्रतींचे सेट पानांच्या क्रमाने लावून देतो तेही कोलेटच.

गंमत म्हणजे इंग्रजीत कोलेशन म्हणजे हलकं खाणं पण! जुन्या ख्रिस्ती मठांत संध्याकाळी कॅसियन या ख्रिस्ती साधूचं 'कोलातिओनेस' हे पुस्तक वाचायचे आणि उपासाच्या दिवशी त्या वेळचं थोडंसं खाणं, त्यालाच ते नाव चिकटलं. आपला फराळच म्हणा.

डेटाबेसवाल्यांसाठी अर्थ मुख्यतः क्रमवारीचा नियम. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या कोड-क्रमांकांच्या यादीत, ळ हा ल च्या जवळ बसलाय, मराठीत तो ह नंतर येतो, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही मागे, त्यामुळे नुसत्या कोडवर यादी लावली तर 'क्षीरसागर' थेट क मध्ये जाऊन बसतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर आयसीयूचं (ICU, युनिकोडसाठीची सॉफ्टवेअर लायब्ररी) मराठी कोलेशन लावा.