वाचक विचारतात: भाचीला 'द मेझ रनर' दाखवू का?

प्रश्न: नमस्कार जी. सुट्टीत भाची आलीय, नववीत गेली आता, बाहेर ऊन इतकं की पोट्टी दिवसभर कूलरसमोर पडून पुस्तक वाचून राहिली. 'द मेझ रनर' संपवलं अन् आता म्हणते मामा, पिच्चर लावा. मला हे असले पिच्चर तेच ते वाटतात, जुलमी सरकार, पोरांची मारामारी, मधात लव्हस्टोरी. पुस्तकाची वाट लावली असेल तर ही तोंड फुगवून बसेल. दाखवू का?
– एक मामा, मानेवाडा

उत्तर: दाखवा मामा, बिनधास्त. 2012 मधे 'हंगर गेम्स' चालला अन् मग अशा पिच्चरांची लाईनच लागली, त्यातले बरेचसे विसरण्यासारखेच, त्या गर्दीत 2014 चा हा एवढा चांगला निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. दिग्दर्शक वेस बॉल, त्याचा पहिलाच मोठा पिच्चर, माणूस मूळचा व्हीएफएक्सवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर पिच्चरमधली दृश्यं बनवणारा. बजेट अंदाजे 3.4 कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चिल्लर, अन् कमाई त्याच्या दहापट. पैसा कमी होता पण कुठे लावायचा ते त्याला बरोबर कळलं.

सुरुवातच बघा ना, अंधार, वर जाणारी लोखंडी लिफ्ट, खडखडाट, आत एक पोरगा ज्याला स्वतःचं नावही आठवत नाही, झाकण उघडतं तर वरून सगळे पोट्टे वाकून बघून राहिले. कोणी काही समजावत बसत नाही. अन् या पोट्ट्यांच्या जागेभोवतीच्या भूलभुलैयाचे ते दरवाजे! संध्याकाळ झाली की अख्ख्या भिंती सरकायला लागतात, दगडावर दगड घासल्याचा तो आवाज, आत दोघं अडकलेले, अन् लिफ्टमधला तो पोरगा, थॉमस, उरलेल्या फटीतून आत घुसतो. अर्धी मजा आवाजातच आहे, म्हणून रात्री लावा अन् कूलर थोडा स्लो करा.

पुस्तकात थॉमस अन् टेरेसा नावाची पोरगी मनातल्या मनात एकमेकांशी बोलतात, ते पिच्चरमधून काढून टाकलंय. भाची यावर भांडेल, भांडू द्या, पण मला तर ते पटलं, पडद्यावर दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले असते तर आपल्या सिरीयलसारखं झालं असतं. पुस्तकात भूलभुलैयाच्या नकाशातून शब्द निघतात तेही गेलं, तिथे आता आकडे आहेत. लव्हस्टोरी? जवळपास नाहीच.

शेवट मात्र कच्चा. एक बाई व्हिडिओत येऊन सूर्य, व्हायरस, प्रयोग असं सगळं घाईघाईत सांगून टाकते, डोक्यात काही राहत नाही. लाडवासारखा गोड पोरगा आहे चक नावाचा, त्याचं पुढे काय होतं ते भाचीला माहीत आहे, तुम्हाला नाही, सो मी गप्प. अमेरिकेत पीजी-13 आहे, म्हणजे तेराच्या खालच्या पोरांसाठी आईबापांनी जरा बघून ठरवायचं, नववीतल्या पोरीला चालेल, धाकटं कोणी घरी असेल तर भूलभुलैयात फिरणाऱ्या यंत्र-किड्यांना घाबरेल.

अन् हो, 2015 चा दुसरा भाग पुस्तक सोडून भलतीकडेच गेलाय. तो बघायचाच असेल तर तिच्या हाती दुसरं पुस्तक लागायच्या आधी बघून टाका.