कल्पनारम्य कादंबरीकारांच्या पात्रांत खरोखर किती वैविध्य असते?

कल्पनारम्य कादंबऱ्या लिहिणारे लेखक प्रत्येक पुस्तकात नावे बदलून तीच माणसे आणतात का, असे आपण विचारले आहे. पुष्कळांच्या बाबतीत ते खरे आहे. मात्र एखाद्याने ड्रॅगन, बुटके, पऱ्या अशा किती जमाती निर्माण केल्या यावरून वैविध्य मोजू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्या पेडण्यात दशावतार पाहणाऱ्याला हे सहज पटेल: राजा, राक्षस, नारद ही सोंगे ठरलेली, संवाद लिहून दिलेले नाहीत, तरीही एका नटाचा राक्षस दुसऱ्याच्या राक्षसाहून वेगळा, कारण प्रत्येकाचे बोलणे आणि त्यामागचा विचार त्याचा स्वतःचा असतो.

टेरी प्रॅचेट यांनी 1983 पासून एकाच काल्पनिक जगावर 41 कादंबऱ्या लिहिल्या. सुरुवातीची पात्रे मला विनोदापुरतीच वाटतात. पुढे मात्र गरिबीत वाढलेला पहारेकरी व्हाइम्स येतो, ज्याच्या बुटांचे तळ इतके झिजलेले असतात की अंधारातही पायाखालच्या दगडांवरून तो रस्ता ओळखतो. त्याच जगातली ग्रॅनी वेदरवॅक्स जादू येत असूनही ती शक्यतो वापरत नाही आणि माणसांच्या मनाची पारख करून काम भागवते. या दोघांचे संवाद नावे झाकून वाचले तरी कोण बोलते ते कळते.

उर्सुला ले ग्विन यांची पात्रे संख्येने कमी आहेत, पण माझ्या मते त्यांचा पल्ला अधिक मोठा आहे. 1971 च्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये तेनार ही लहानपणीच घरातून नेलेली, स्वतःचे नावही काढून घेतलेली पुजारीण आहे. 1990 च्या 'तेहानू'मध्ये तीच तेनार शेतकऱ्याची विधवा असून, आगीत होरपळलेल्या एका मुलीला सांभाळते. पूर्वीचा महान जादूगार गेड आता शक्ती गमावून शेळ्या राखतो. वय, संसार आणि पराभव माणसाला किती बदलतात हे लेखिकेने त्याच पात्रांकडे परत जाऊन दाखवले, आणि असे धाडस या साहित्यप्रकारात फारच थोड्यांनी केले आहे.

ही दोन पुस्तके आपण लागोपाठ वाचावीत. त्याआधी 1968 चे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचल्यास गेडचे तरुणपणही समोर राहील.