पाढे पाठ आहेत, मग मसावि का अडतो?

"मॅडम, तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतो, पण मसावि-लसावि आला की वही मिटून बसतो. डिस्कॅल्क्युलिया तर नसेल ना?" ऐरोलीहून सहावीतल्या मुलाला घेऊन ठाण्याला आलेल्या आईचा हा प्रश्न. मसावि म्हणजे दोन्ही संख्यांना निःशेष भाग देणारी सर्वांत मोठी संख्या, लसावि म्हणजे दोन्हींच्या पाढ्यांत येणारी सर्वांत लहान संख्या. आणि डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकडे समजण्यातलीच अडचण; हल्ली पालक हा शब्द मोबाइलवर वाचूनच येतात.

आधी ती धास्ती घालवावी लागते. गणनक्षमतेचीच अडचण असेल तर ती एका धड्यापुरती नसते. लहानमोठी संख्या ओळखणं, साधी बेरीज, घड्याळ, सुटे पैसे, सगळीकडे ती लहानपणापासून दिसते आणि शिकवूनही हटत नाही. हे चिरंजीव दुकानातून उरलेले पैसे चोख मोजून आणत होते. म्हटलं, तपासण्या राहू द्या, वही दाखवा.

वहीत ३६ चे विभाजक लिहिले होते: २, ३, ६, १२, १८. खोडून खोडून कागद फाटायला आलेला. १ आणि ३६ गायब, ४ आणि ९ सुटलेले.

"कसे शोधलेस?"

"आठवतील तसे."

शिकवणीत घड्याळ लावून गणितं घेत, त्यामुळे आठवेल ते लिहून पुढे पळायची सवय लागलेली. बे एके बे सरळ म्हणता येतं, पण ३६ कोणाकोणाच्या पाढ्यात येतो हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

टेबलावर राजम्याचे ३६ दाणे ओतले. सारख्या ओळी कर, एकही दाणा उरता कामा नये. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या, चार झाल्या. पाच ओळींना एक दाणा उरला, तो चिमटीत धरून म्हणाला, "पाच बाद." सहा ओळींत सहा-सहा बसले. मग हात थांबला. "नऊ ओळी केल्या तर चार-चार. पण ते झालंय की!" झालं, जोड्या उमगल्या: १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. इथून पुढे त्याच जोड्या उलट्या येतात, म्हणून शोध संपला.

२४ चे विभाजक त्याने दाण्यांशिवायच काढले. दोन्ही याद्यांत १, २, ३, ४, ६, १२ सापडले. सगळ्यांत मोठा १२, तोच मसावि.

विभाज्यांची, म्हणजे पाढ्यात येणाऱ्या संख्यांची, यादी मात्र संपतच नाही. समज, ऐरोली नाक्यावरून एक बस दर २४ मिनिटांनी सुटते, दुसरी ३६ मिनिटांनी. आत्ता दोन्ही सोबत सुटल्या, तर पुन्हा सोबत कधी? एकीची यादी २४, ४८, ७२; दुसरीची ३६, ७२. "बहात्तर मिनिटांनी. पण बस वेळेवर येते कुठे?" बरोबर आहे त्याचं. हा ७२ म्हणजेच लसावि.

आधी तो १२ आणि ७२ ची अदलाबदल करायचा. त्यावर उपाय सोपा: मसावि लहान संख्येच्या वर जात नाही, लसावि मोठ्या संख्येच्या खाली येत नाही. आणखी खात्री हवी तर २४ × ३६ = ८६४, आणि १२ × ७२ = ८६४. दोनच संख्या असतील तर हा ताळा हमखास जमतो. माझ्या मते मूळ अवयव पाडायची रीत शिकवण्याआधी मुलांच्या हाती हा ताळा द्यावा.

आईला सांगितलं, पाढे म्हणवून घेणं काही दिवस बंद. पोळ्या लाटताना ४८ किंवा ६० अशी एखादी संख्या द्या आणि तिच्या जोड्या विचारा. मधूनच ३१ टाका. एकच ओळ होते म्हणून चिडला तर मूळ संख्या समजली म्हणायची.

पुढच्या भेटीत त्याने स्वतःचा शोध आणला होता. १६, २५, ३६ यांच्या विभाजकांची संख्या विषम येते, कारण एकाला जोडीदार म्हणून तोच मिळतो. वर्गसंख्यांचा हा गुण त्याला कुणी शिकवला नव्हता.

शिकवणी बदलायची का, हे आईने जाता जाता विचारलंच. मी म्हटलं, बदलू नका. तिथल्या ताईंना एवढंच सांगा, हा धडा संपेपर्यंत याच्यासाठी घड्याळ लावू नका.