गोधडीचा लाल रंग पांढऱ्यावर उतरलाय, मीठ-व्हिनेगर घालूनही जात नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बहिणीसाठी हातानं शिवलेल्या गोधडीचा लाल रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चौकोनांना लागला. मग मीठ अन् व्हिनेगर घालून रात्रभर भिजवली, तरी डाग तसेच. शिवाय गोधड्या विकायच्या असतील तर आधी काय करावं, हेही विचारलंय.

मीठ हा शब्द वाचला अन् पोळ्या अर्धवट सोडून लिहायला बसले. मिठानं रंग पक्का होत नाही. आधी रंगवलेल्या सुती कापडाचा तर नाहीच नाही.

माझे बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या रंगखात्यात होते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली मिल. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. बाबांच्या नखांच्या कडा निवृत्तीनंतरही निळसर दिसायच्या. रंगाच्या बाबतीत त्यांच्यासमोर बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. माझ्या सासरी मात्र सगळे बोलायचे.

१९९८ चा मे महिना. मोठ्या जाऊबाईंना मुलगा झाला, बारसं महालातल्या आमच्याच घरी. मी दोन महिने खपून गोधडी शिवली होती. पांढरे तुकडे बाबांच्या जुन्या धोतराचे, लाल तुकडे गांधीबागेतून आणलेल्या नव्या अस्तराचे. इथंच माझी चूक. आपल्या आज्या गोधड्या शिवायच्या त्या जुन्या लुगड्यांच्या; वीस वर्षं धुतल्यावर त्यात जाण्यासारखा रंगच उरलेला नसायचा. मी जुन्याला नवं जोडलं, तेही न धुता.

बाळानं आपलं काम केलं, जाऊबाईंनी गोधडी धुतली, पिळली अन् रात्रभर बादलीत तशीच गोळा करून ठेवली. सकाळी सगळं धोतर गुलाबी. सासूबाई म्हणाल्या, "शिवायच्या आधी मिठाच्या पाण्यातून काढायचं असते, एवढंही माहीत नाही?" मग मूठभर खडेमीठ टाकून पुन्हा भिजवली अन् गच्चीवर कडक उन्हात वाळत टाकली.

त्याच दुपारी बाबा आंबे घेऊन आले. त्यांनी दोरीवरची गोधडी पाहिली, मिठाची चर्चा ऐकली, चहा प्यायले अन् गप्प बसले. लेकीच्या सासरी बाप तोंड उघडत नाही. मी फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "मीठ रंगाले कापडात ढकलते बाप्पा, धरून नाही ठेवत."

त्याचा अर्थ असा. रंगवताना पाण्यात मीठ घालतात, कारण त्यामुळे पाण्यातला रंग सुताकडे ओढला जातो. सुताशी त्याची गाठ बसते ती रिॲक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक रीतीनं जोडला जाणारा) असेल तर धुण्याच्या सोड्यामुळे. त्यातलाही काही रंग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो अन् धाग्यात नुसता अडकून राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्यानं धुऊन काढायचा असतो. घाईत हे धुणं आखडलं की तो रंग तुमच्या बादलीत येतो. स्वस्तातले डायरेक्ट रंग तर कापडाला सैलच धरलेले असतात, ते प्रत्येक धुण्याला थोडे थोडे जातात. अशा कापडात मीठ घालून तुम्ही सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्यात ढकलायला मदतच करता. व्हिनेगरचं काम रेशीम-लोकरीच्या रंगांत. तुरटी झाडपाल्याच्या रंगांना लागते, तीही रंगवायच्या वेळी.

जाऊबाई आठ दिवस माहेरी गेल्या, तेव्हा मी गोधडी लुनाच्या मागं बांधून बाबांकडे नेली. आमचे हे म्हणाले होते, जुन्या कूलरची टाकी घेऊन जा, मोठी आहे. बाबांनी फोनवर एकच शब्द उच्चारला, "गंज." मग प्लास्टिकचा मोठा ड्रम आणला, बंब पेटवला. पाणी एवढं गरम की हात ठेवता येऊ नये, ६० अंशांच्या आसपास. बोअरचं नाही, नळाचं. त्यात भरपूर डिटर्जंट, अन् पाणी इतकं की गोधडी त्यात मोकळी पोहली पाहिजे. मी घाबरले, गरम पाण्यानं रंग जातो ना! बाबा म्हणाले, "जायलेच तर पाहिजे." रंग सुटू द्यायचा, पण भरपूर पाणी अन् साबण त्याला तरंगत ठेवतात, पांढऱ्यावर पुन्हा बसू देत नाहीत. थोड्या पाण्यात, गोळा करून, ओली ठेवली की बसतो.

रात्रभर बुडवून ठेवली, वर ताटली अन् दगड, कुठलाही कोपरा वर राहू नये म्हणून. सकाळी पाणी सरबतासारखं लाल. ओतलं, लगेच दुसरं गरम पाणी. असं चार वेळा, मध्ये एकदाही वाळू न देता. चौथ्यांदा पाणी स्वच्छ आलं, धोतर धोतरासारखं झालं.

जाऊबाई परत आल्या, गोधडी पाहिली अन् म्हणाल्या, "बघ, मिठानं उतरला ना शेवटी!"

आजही लग्नकार्यात हा किस्सा मिठाच्या नावावरच सांगितला जातो. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांच्यासमोर कुणी विचारलं असतं तरी ते हसलेच असते, पण मला नाही हसू येत.

असो. तुमची गोधडी मीठ लागून वाळली असली तरी काही बिघडलं नाही, आमचीही वाळलीच होती. असंच करा. आता बंब नाही, गीझर आहे. लिक्विड डिटर्जंट वापरा, भांड्याचंही चालतं. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, लाल तुकड्यांचाच रंग उडेल. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको.

विकायचं म्हणाल तर प्रत्येक नव्या कापडाची बोटभर चिंधी एका पांढऱ्या चिंधीबरोबर गरम साबणाच्या पाण्यात ग्लासात अर्धा तास ठेवा. पाणी रंगलं तर ते कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार धुण्यांनंतरही येतच असेल तर गोधडीत घालू नका. रंग पक्का करायचं औषध रंगाच्या दुकानात मिळतं, ते डायरेक्ट रंगांवर बऱ्यापैकी चालतं, पण कापड सुटं असताना. भाव काय लावावा ते मला विचारू नका, मी एकही विकलेली नाही.

हां, एक राहिलं, अन् हे आधीच सांगायला हवं होतं. हे सगळं कापडाच्या थरांच्या गोधडीसाठी. आत पिंजलेला कापूस असेल तर ड्रममध्ये टाकू नका, गोळे होतील. रेशमी ठिगळ, निळीनं रंगवलेलं कापड किंवा कलमकारी असेल तरी नको. अन् ओली गोधडी एकट्यानं उचलू नका, पिळू तर नकाच. धावदोरा तटकन तुटतो. आम्ही दोघांनी चादरीत झोळी करून उचलली होती, तरी बाबांची पाठ दोन दिवस धरली होती.