वसंतातली टर्की आणि जुनी सोळा बोअर बंदूक : आधी चेंबर मोजा
तुम्ही लिहिले आहे की, पेनसिल्व्हेनियात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची बेल्जियन बनावटीची ब्राउनिंग ऑटो-५ ही आपोआप भरली जाणारी छर्ऱ्यांची बंदूक (सोळा बोअर, म्हणजे नळीच्या व्यासाचे एक माप) घेतली असून याच वसंतात तिने टर्कीची शिकार करायची आहे, परंतु दुकानातले काडतूस झाडल्यावर रिकामी पुंगळी अडकते. माझ्याही बंदुकीला हेच दुखणे होते, म्हणून सविस्तर लिहितो. परवाना आणि प्रशिक्षण यांविषयी तुम्हाला ठाऊक असेलच.

दोष स्प्रिंगचा नसून बहुधा चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेचा आहे. त्या काळच्या बऱ्याच सोळा बोअर बंदुकांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असे आणि आजचे काडतूस ७० मिलिमीटरचे असते. ही लांबी तोंड उघडलेल्या पुंगळीची असल्यामुळे न झाडलेले काडतूस आत सहज बसते आणि सारे ठीक आहे असे वाटते. झाडल्यावर मात्र पुंगळीचे तोंड नळीच्या निमुळत्या भागात उघडते, दाब वाढतो आणि रिकामी पुंगळी जिच्यातून फेकली जाते त्या आखूड खिडकीतून ती बाहेर पडत नाही. चेंबर मोजून होईपर्यंत कृपया एकही बार काढू नका.

माझे खरे नुकसान मात्र एका दुरुस्ती कार्यशाळेने केले. तिचे नाव घेत नाही. चेंबर वाढवायचे तर खिडकी आणि आतले भागही त्या मापाचे करावे लागतात. त्यांनी केवळ चेंबर वाढवले, हंगाम संपेपर्यंत बंदूक अडकवून ठेवली आणि मला न विचारता फुल चोकही (छर्रे एकत्र ठेवणारा नळीच्या तोंडाचा अरुंद भाग) पोखरून मोकळा केला. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे बसवणे हे फुल चोकचे काम. त्यानंतर नेमाच्या कागदावर टर्कीची अख्खी मान निसटून जाईल एवढ्या मोकळ्या जागा दिसू लागल्या. हा पक्षी डोक्यावर आणि मानेवरच टिपायचा असतो, अन्यथा तो जखमी होऊन झाडीत नाहीसा होतो, आणि याचा मला आजही संताप येतो. तक्रारीवर "हल्ली सगळे असेच करून घेतात" एवढेच उत्तर मिळाले. पोखरलेले पोलाद परत भरता येत नाही. मला दुसरी नळी शोधावी लागली.

मी बंदूक-कारागीर नाही, तेव्हा जाणकाराकडून तपासणी अवश्य करून घ्या. पण माझे स्पष्ट मत असे की, मूळ स्थितीतल्या बंदुकीचे रूपांतर करूच नये. ६५ मिलिमीटरची काडतुसे बनवणारे छोटे कारखाने आजही आहेत. शिशाचे ६ नंबरचे छर्रे वापरा, ३० यार्डांपलीकडे झाडू नका आणि टंगस्टनचे कठीण छर्रे जुन्या चोकमधून मुळीच काढू नका. बॉक्स कॉलवर (टर्कीच्या मादीसारखा आवाज काढणारी छोटी लाकडी पेटी) नराला बोलावून जवळ आणणे हेच या शिकारीतले कसब आहे, लांबचा पल्ला नव्हे. आणि ते साधल्यावर बंदुकीच्या त्या कुबडदार पाठीवरून धरलेला नेम आणि नळी मागे सरकून पुढे येतानाचा खांद्यावरचा दुहेरी धक्का यांची सर नव्या बंदुकीला येत नाही.

जाता जाता, नळीखालचे लाकूड उतरवून घर्षण-कड्यांची (मागे सरकणाऱ्या नळीचा वेग आवरणाऱ्या कड्यांची) मांडणीही पाहा. हलक्या आणि भारी काडतुसांसाठी ती वेगळी असते. चुकल्यास नळी जोराने मागे आदळून अक्रोडाचे लाकूड चिरते. तुमच्या बंदुकीत तशी चीर दिसते का, ते कळवा.